घरच्या सरपणासाठी चेनसॉ घ्यायचाय? सीसी बघण्याआधी हे वाचा

आई-बाबा गावी, तुम्ही पुण्यात किंवा मुंबईत, आणि फोनवर निरोप येतो: "ते लाकूड कापायचं मशीन ऑनलाइन मिळतं ना? बघ की एखादं." तुम्ही ॲप उघडता, चेनसॉ असं टाइप करता आणि समोर शंभर पर्याय येतात. ५८ सीसी, २२ इंच, ८८ व्हीएफ, हेवी ड्युटी, प्रोफेशनल. सगळ्यांना चार-साडेचार स्टार. मोबाइल घेताना आपण रॅम, प्रोसेसर आणि बॅटरीचे आकडे लावून तुलना करतो, तीच सवय इथे वापरायला जातो आणि तिथेच फसतो. कारण चेनसॉच्या जाहिरातीतले मोठे आकडे बहुतेक वेळा आपल्या कामाचेच नसतात.

आधी काम काय आहे ते ठरवू. घरी चूल किंवा आंघोळीच्या पाण्याचा बंब आहे. वर्षातून तीन-चार दिवस सरपण कापायचं, तेही मुख्यतः मे महिन्यात, आगोटीची तयारी म्हणून. लाकूड मनगटापासून मांडीएवढ्या जाडीचं: आंब्याची पडलेली फांदी, काजू, बाभूळ, अकेशिया. झाड पाडायचं नाही, जमिनीवर पडलेलं लाकूड चुलीत मावेल एवढं तोडायचं. हा लेख एवढ्याच वापरासाठी आहे.

अशा घरात मशीन वर्षातले ३६० दिवस पडवीत पडून राहणार. म्हणून "किती जोरात कापतं" यापेक्षा दोन प्रश्न मोठे आहेत. अकरा महिने पडून राहिल्यावर ते चालू होईल का? आणि चालवणारा पन्नाशी-साठीचा माणूस, ज्याने आयुष्यभर कुऱ्हाड वापरली आहे, त्याच्या हातात ते एका चुकीच्या क्षणी काय करेल?

मशीन चालतं कसं

चेनसॉ म्हणजे एक इंजिन किंवा मोटर, पुढे लोखंडी पट्टी (हिला बार म्हणतात), आणि बारच्या कडेच्या खाचेतून फिरणारी दातेरी साखळी. दात करवतीसारखे घासत नाहीत, रंध्यासारखे लाकडाची ढलपी काढतात. ही कल्पना जोसेफ कॉक्स या अमेरिकन लाकूडतोड्याची. १९४६ मध्ये ऑरेगॉनच्या जंगलात एका भुंग्याची अळी लाकूड डावीकडे-उजवीकडे कुरतडत पुढे जाताना त्याने पाहिली आणि तसे आळीपाळीने डावे-उजवे दात असलेली चेन बनवली. आजच्या बहुतेक चेन त्याच घराण्यातल्या.

वेगाचा अंदाज घ्या. इंजिन मिनिटाला १०,००० फेरे घेत असेल आणि चेन फिरवणाऱ्या चक्राला ६ दात असतील, तर नेहमीच्या चेनचा वेग सेकंदाला साधारण १९ मीटर येतो. म्हणजे ताशी जवळपास ७० किलोमीटर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आणखी एक गोष्ट नवीन लोकांना माहीत नसते. चेन आणि बार यांच्यात सतत ऑइल जावं लागतं. त्यासाठी वेगळी टाकी असते, आणि ती विजेवरच्या चेनसॉलाही असते. "इलेक्ट्रिक आहे, त्याला कसलं ऑइल" असं म्हणून कोरडं चालवलं तर बार निळा पडतो आणि चेन जाते. खास बार ऑइल मिळालं नाही तर ताजं इंजिन ऑइल चालवून नेता येतं. गाडीतून काढलेलं काळं जळकं ऑइल मात्र घालू नका, त्यात धातूचा चुरा असतो.

बॅटरीवाला छोटा चेनसॉ: तुमच्या फोनशी तुलना करून बघा

रील्समध्ये एका हाताने फांद्या कापणारा जो छोटा चेनसॉ दिसतो, त्याच्यापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त क्लिक त्यालाच मिळतात. त्यावर २१ व्होल्ट, ४८ व्हीएफ, ८८ व्हीएफ असं काहीही लिहिलेलं असतं. आत बहुतेक वेळा पाचच लिथियम सेल असतात. एका सेलचं व्होल्टेज ३.६, म्हणजे पाच सेलचं १८ व्होल्ट. पूर्ण चार्ज झाल्यावर सेल ४.२ ला जातो, म्हणून २१. अठरा आणि एकवीस ही एकाच बॅटरीची दोन नावं झाली. 'व्हीएफ' हे कुठल्याही भौतिकशास्त्रातलं एकक नाही.

आता ऊर्जा मोजा. व्होल्ट गुणिले ॲम्पिअर-तास म्हणजे वॉट-तास. तुमच्या फोनची ५००० एमएएचची बॅटरी साधारण १९ वॉट-तासांची. या छोट्या चेनसॉच्या बॅटरीत १.५ ॲम्पिअर-तासांचे सेल असतील तर १८ × १.५ = २७ वॉट-तास. म्हणजे दीड फोन! दीड फोनच्या चार्जिंगवर बाभळीचा ओंडका कापायचा आहे, असं मनात म्हणून बघा.

खेळणं आहे का मग? नाही. परसातल्या मनगटाएवढ्या ओल्या फांद्या, कुंपणाची छाटणी यासाठी बरं आहे. पण सरपणाचं मशीन म्हणून घेऊ नका. नामांकित कंपन्यांचे ३६ व्होल्टचे मोठे बॅटरी चेनसॉ ही वेगळी जात आहे आणि ते खरोखर चांगले कापतात. पण ३६ व्होल्ट, ४ ॲम्पिअर-तास म्हणजे १४४ वॉट-तास. एक किलोवॉटचा लोड सलग घेतला तर साडेआठ मिनिटं. प्रत्यक्षात आपण थांबत थांबत कापतो म्हणून ते पुरतं, पण बॅटरी आणि चार्जर धरून किंमत बघितली की वर्षातल्या चार दिवसांसाठी हिशेब बसत नाही. त्याच कंपनीचं ड्रिल किंवा गवत कापायचं मशीन घरात असेल आणि बॅटरी अदलाबदल होत असेल, तर मात्र विचार करा.

पेट्रोलचा चेनसॉ आणि ५८ सीसीचा मोह

पाच ते आठ हजारांच्या आसपास ५८ सीसी, २२ इंची बार. नामांकित कंपनीचा ३०-३५ सीसीचा, १६ इंची चेनसॉ त्याच्या दुप्पट-तिप्पट किमतीला. बाईकची भाषा डोक्यात असलेल्या कुणालाही पहिला सौदा फायद्याचा वाटणार.

पण मांडीएवढ्या लाकडाला ५८ सीसी लागतच नाही. उदाहरणच द्यायचं तर स्टीलचा एमएस १८० हा घरगुती वापरासाठीचा जगभर चालणारा चेनसॉ ३१.८ सीसीचा आहे आणि बार-चेन सोडून त्याचं वजन चार किलोच्या आसपास. ५८ सीसीचं मशीन पेट्रोल-ऑइल भरून, २२ इंची बारसकट सहा-सात किलोंवर जातं. वाकून तासभर धरायचं म्हटलं की कंबर बोलायला लागते, आणि थकलेल्या हातातला चेनसॉ हाच धोकादायक चेनसॉ असतो. स्वस्त मशीन एकजात वाईट असं माझं म्हणणं नाही. रोज वापरणारा, कार्ब्युरेटर स्वतः खोलणारा माणूस त्यावर धंदा करतो. तुमच्या बाबांना तेवढा सराव आहे का, हा प्रश्न आहे.

पेट्रोल चेनसॉचं खरं दुखणं मात्र टाकीत आहे. इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळावं लागतं. ५० ला १ प्रमाण असेल तर लिटरला २० मिली, २५ ला १ असेल तर ४० मिली. नेमकं प्रमाण मॅन्युअलमध्ये बघायचं. अंदाजाने ओतलं आणि कमी पडलं तर पिस्टन धरतो.

त्यात आता पंपावरचं पेट्रोल ई-२० आहे, म्हणजे २० टक्के इथेनॉल. बऱ्याच चेनसॉंच्या मॅन्युअलमध्ये इथेनॉलची मर्यादा १० टक्के लिहिलेली असते, हे घेण्याआधी तपासा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. बाईकमध्ये हे जाणवत नाही, कारण टाकी आठवड्याभरात संपते. पण मे महिन्यात अर्धी भरलेली टाकी तशीच ठेवून कोकणातला पावसाळा काढला, तर पाणी वाढत जातं आणि एका मर्यादेनंतर पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो. टू-टी ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. टाकीतली नळी ओढते तळातून! म्हणजे इंजिनला जाणार ते ऑइल नसलेलं पाणीदार मिश्रण. शिवाय कार्ब्युरेटरमधले रबरी पडदे कडक होतात. "मागच्या वर्षी मस्त चालत होतं, आता दोरी ओढून ओढून हात दुखले" या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच कारण असतं.

उपाय सोपा आहे, फक्त कुणी करत नाही. लागेल तेवढंच, लिटरभर मिश्रण बनवा आणि ते महिन्याभरात संपवा. काम झालं की टाकी रिकामी करा, मग इंजिन चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या म्हणजे कार्ब्युरेटरही कोरडा होईल. एवढी शिस्त घरात कुणी पाळणार असेल तरच पेट्रोल घ्या. बाग घरापासून लांब असेल, तिथे वीज नसेल, तर तसाही दुसरा पर्याय नाही. तेव्हा ३०-३५ सीसी, १४ किंवा १६ इंच आणि तालुक्याच्या गावात सर्व्हिस असलेली कंपनी, एवढं बघितलं की झालं.

वायरवाला चेनसॉ, ज्याच्याकडे कुणी बघत नाही

माझं मत विचाराल तर लाकूड अंगणात आणून कापायचं असेल, तर वायरवाला इलेक्ट्रिक चेनसॉ घ्या. १८०० ते २००० वॉट, १४ किंवा १६ इंची बार. यात पेट्रोल शिळं होत नाही, कार्ब्युरेटर नाही, दोरी ओढायची नाही. अकरा महिन्यांनी पेटीतून काढा, बार ऑइल भरा, चेनचा ताण बघा, प्लग लावा. पेट्रोलवाल्यापेक्षा आवाज कमी, आणि बटण सोडलं की चेन थांबते. दिवसभर काम केलं तरी प्रत्यक्ष कापण्याचा वेळ तास-दीड तासाचा असतो, म्हणजे वीज दोन-तीन युनिट.

मात्र याची अडचण मशीनमध्ये नाही, वायरमध्ये आहे.

२००० वॉट भागिले २३० व्होल्ट म्हणजे ८.७ ॲम्पिअर. मोबाइल चार्ज करायचा छोटा सॉकेट ६ ॲम्पिअरचा असतो, तिथे हे चालवायचं नाही. फ्रीज-गीझरचा मोठा सॉकेट हवा. आता अंगण ३० मीटर लांब आहे असं धरा आणि घरात पडलेली ०.७५ चौरस मिलिमीटरची पातळ एक्स्टेंशन वायर लावा. जाऊन-येऊन ६० मीटर तांबं, रोध १.४ ओहम. त्यात १२ व्होल्ट गळतात आणि शंभर वॉटच्या वर उष्णता वायरीतच तयार होते. वायर रीळवर गुंडाळलेलीच ठेवली तर ही उष्णता आत कोंडते आणि इन्सुलेशन वितळतं. गावात संध्याकाळी व्होल्टेज आधीच २०० वर आलेलं असेल तर मशीनपर्यंत १८८ पोचतात. ताकद साधारण व्होल्टेजच्या वर्गाने घटते असं धरलं तर मोटरकडे दोन-तृतीयांश ताकद उरते. ती लाकडात अडकते, आपण अजून दाबतो, ती तापते, जळका वास येतो आणि रिव्ह्यू लिहिला जातो: एक स्टार, बकवास मशीन.

त्याऐवजी २.५ चौरस मिलिमीटरची, तीन तारांची, अर्थिंगसकट वायर इलेक्ट्रिशियनकडून बनवून घ्या. त्याच ३० मीटरला साडेतीन-पावणेचार व्होल्टच गळतात. वायर पूर्ण उलगडून, मागच्या बाजूने, खांद्यावरून घेऊन काम करायचं म्हणजे ती चेनखाली येत नाही. घरात ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी नसेल तर आधी तो बसवा, चेनसॉ नंतर. अंगण ओलं असेल, पावसाची भुरभुर असेल तर काम बंद.

किती इंच?

बार जेवढा लांब तेवढं भारी, असं नाही. १६ इंच म्हणजे ४० सेंटिमीटर, आणि आपलं लाकूड क्वचितच फुटाच्या वर जातं. लांब बार म्हणजे जास्त वजन, धार लावायला जास्त दात, आणि टोक कुठे टेकतंय ते न दिसण्याची शक्यता जास्त. फूटभर जाड लाकडाला १६ इंच भरपूर.

इंचापेक्षा महत्त्वाचे तीन आकडे आहेत, आणि लिस्टिंगमध्ये ते सहसा नसतात: चेनची पिच, गेज आणि ड्राइव्ह लिंकची संख्या. पिच म्हणजे लागोपाठच्या तीन रिव्हेटमधलं अंतर भागिले दोन. घरगुती मशीनमध्ये ती बहुतेक ३/८ इंच लो-प्रोफाइल असते, मोठ्यांत ०.३२५ इंच. गेज म्हणजे बारच्या खाचेत बसणाऱ्या कडीची जाडी, बऱ्याचदा १.३ मिलिमीटर. आणि १६ इंची बारला अशा कड्या साधारण ५५ ते ५७. म्हणजे "१६ इंची चेन द्या" एवढं सांगून मिळालेली चेन एका कडीने आखूड निघू शकते. हे आकडे बारच्या बुडाशी कोरलेले असतात. मशीन घरी आलं की पहिलं काम म्हणजे त्याचा फोटो काढून ठेवा, आणि बाबांच्या फोनमध्येही ठेवा. घेण्याआधी विक्रेत्याला विचारायचा प्रश्नही हाच: याची चेन आमच्या तालुक्यात मिळेल का?

रिव्ह्यूंबद्दल एकच सांगतो. पाच स्टारवाले बहुतेक रिव्ह्यू बॉक्स उघडला त्या दिवशीचे असतात. सहा महिन्यांनंतरचे, फोटो असलेले, दोन-तीन स्टारवाले वाचा.

मशीन उसळतं तेव्हा

हा भाग घाईत वाचू नका. बारच्या टोकाचा वरचा भाग फिरत्या चेनसकट दुसऱ्या लाकडाला टेकला तर दात कापण्याऐवजी अडकतात आणि सगळा जोर उलटा फिरतो. बार वर, चालवणाऱ्याच्या तोंडा-मानेकडे उसळतो. वर काढलेला ताशी ७० किलोमीटरचा आकडा इथे आठवा. हे सेकंदाच्या अंशात होतं, "सावध राहीन" म्हणून टळत नाही. ढिगातून लाकूड न काढता तिथेच कापायला गेलं, की टोक मागच्या ओंडक्याला लागायची शक्यता सर्वात जास्त.

म्हणून चेन ब्रेक नसलेला पूर्ण आकाराचा चेनसॉ फुकट मिळाला तरी घेऊ नका. पुढच्या दांडीसमोर जी उभी प्लॅस्टिकची ढाल दिसते ती नुसती ढाल नाही, ब्रेकची कळ आहे. मशीन उसळलं की ती मनगटाला लागून किंवा झटक्याने पुढे जाते आणि चेन थांबते. फोटोत ढाल दिसली म्हणून समाधान मानू नका. मशीन आल्यावर प्लग काढून किंवा इंजिन बंद ठेवून ती पुढे ढकला: 'टक्' असा आवाज यायला हवा आणि चेन हाताने (जाड हातमोजा घालून) ओढली तर हलता कामा नये.

आणि हजार रुपयांच्या आत मिळणारं ते ग्राइंडरला लावायचं चेनसॉ अटॅचमेंट? नको. ठाम नको. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फिरतो, त्याला चेन ब्रेक नाही, आणि अनेकांचं बटण सरकवून लॉक होणारं असतं. हातातून सुटला तरी तो चालूच राहतो.

मशीनच्या किमतीवर दोन-तीन हजार वेगळे ठेवा: जाळीदार व्हायझर आणि कानाचे मफ असलेलं हेल्मेट, पकड असलेले हातमोजे, बंद जाड बूट. पेट्रोल चेनसॉचा आवाज चालवणाऱ्याच्या कानाशी १०० डेसिबलच्या वर जातो, म्हणून मफ हौसेसाठी नाहीत. पायासाठी खास चॅप्स मिळतात. आतले लांब धागे चेनमध्ये गुंतून ती अडवतात. गळ्यातला पंचा, लुंगी, ओढणी घालून मशीनजवळ जायचं नाही. दोन्ही हात दांड्यांवर, शिडीवर चढून नाही, खांद्याच्या वर नाही, घरी कुणी नसताना नाही. ओंडका हलू नये म्हणून लाकडाची कैची बनवून घ्या, गावचा सुतार तासाभरात देतो.

न घेणं हाही पर्याय आहे

वर्षाचं सरपण एकाच दिवसात कापून होत असेल तर गावातल्या मशीनवाल्याला बोलवा. त्याचा हात बसलेला असतो आणि मशीनची देखभाल त्याची. फुटापेक्षा जाड खोड, उभं झाड, ताणात अडकलेली वादळातली फांदी, ही कामं तर घरी चेनसॉ असला तरी त्यालाच द्या. ताणातली फांदी कापताच झेप घेते.

उभ्या झाडाबाबत आणखी एक. आपल्या जमिनीतलं असलं तरी महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमनाच्या कायद्याखाली साग, आंबा, फणस, खैर, ऐन, किंजळ अशी यादीतली झाडं तोडायला परवानगी लागते. शहरी भागात १९७५ चा वेगळा कायदा आहे.

बॉक्स उघडल्यावर

चेनचा ताण तपासायची पद्धत: मशीन बंद, बारच्या मधोमध चेन ओढून सोडा. ती परत चपखल बसली पाहिजे आणि हाताने सहज फिरली पाहिजे. नवी चेन पहिल्या अर्ध्या तासात सैल पडते, म्हणून थांबून, गार झाल्यावर पुन्हा बघा.

धार गेली हे भुशावरून कळतं. धारदार चेन जाडसर ढलप्या टाकते, बोथट चेन पिठासारखा भुसा. पीठ पडायला लागलं की दाबून कापू नका, कानस घ्या. ३/८ लो-प्रोफाइल चेनला ४ मिलिमीटरची गोल कानस, ०.३२५ ला ४.८ मिलिमीटरची. दाताच्या खुणेप्रमाणे साधारण ३० अंशात, आतून बाहेर, प्रत्येक दाताला सारखेच दोन-तीन हात. कानस दीड-दोनशे रुपयांत येते. माती लागलेलं लाकूड, जुन्या कुंपणाचे खिळे असलेले खांब आणि माडाचं खोड चेन सर्वात लवकर बोथट करतात. माती झाडून घ्या, खिळ्यांचं लाकूड कुऱ्हाडीसाठी ठेवा, आणि माड कापायचा असेल तर एक जादा चेन आधीच मागवून ठेवा.